मनगटासाठी त्रिमितीय मुद्रित प्लेट : मजबुतीची कसोटी

जबलपूर हे शहर शतकाहून अधिक काळ तोफगाड्या, दारूगोळा आणि लष्करी वाहने यांच्या निर्मितीसाठी ओळखले जाते. १९०४ साली सुरू झालेला तोफगाडी कारखाना, खमरिया येथील दारूगोळा कारखाना आणि 'शक्तिमान' मालमोटारी तयार करणारा वाहन कारखाना ही या शहराची जुनी ओळख आहे. तयार झालेली वस्तू कसोटीस उतरल्याखेरीज वापरात द्यायची नाही, हा अशा कारखान्यांचा शिरस्ता असतो. खमरिया येथे त्यासाठी स्वतंत्र चाचणी मैदानही आहे.

याच शहरात २००५ साली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि निर्मिती संस्था स्थापन झाली. थरावर थर रचून वस्तू घडविण्याचे तंत्र, म्हणजेच त्रिमितीय मुद्रण अथवा थ्री-डी प्रिंटिंग, हा या संस्थेतील संशोधनाचा एक विषय आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून जबलपूरमध्येच आहे. यंत्रशास्त्र आणि अस्थिशल्यशास्त्र या दोन्ही विद्याशाखांना एकत्र आणणारा एक प्रश्न सध्या जगभरातील प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे. मुद्रण यंत्रावर तयार केलेली प्लेट मोडलेले मनगट किती भार सहन करून आणि किती काळ धरून ठेवू शकेल, हा तो प्रश्न होय.

मनगटाचा अस्थिभंग

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे हाड रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे हाड अल्ना या नावाने ओळखले जाते. पाय घसरून पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करतो. शरीराचा सारा भार पसरलेल्या तळहातावर येतो आणि रेडियस हाड मनगटालगत मोडते. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या अस्थिभंगांमध्ये याची गणना होते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये साध्या पडण्यानेही तो होतो. तरुणांमध्ये दुचाकीचे अपघात आणि उंचीवरून पडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

आयर्लंडमधील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. तो शोध १८९५ मधील आहे. कॉलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अस्थिभंग दीर्घकाळ केवळ हाड ओढून बसवून आणि प्लास्टर घालून बरा केला जात असे. हाडाचे तुकडे फारसे हललेले नसतील तर आजही हाच उपचार पुरेसा ठरतो.

मात्र हाडाचा चुरा झाला असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली असेल, तर शस्त्रक्रिया करून धातूची प्लेट आणि स्क्रू बसवावे लागतात. सांध्यात २ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पायरी राहिल्यास पुढे सांधा झिजण्याची शक्यता वाढते, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात दिसून आले. २००० नंतरच्या दशकात तळहाताच्या बाजूने बसवायच्या प्लेटांचा वापर झपाट्याने वाढला. या प्लेटांमध्ये स्क्रूच्या डोक्यावरील आटे प्लेटच्या छिद्रातील आट्यांत घट्ट बसतात. त्यामुळे स्क्रू आणि प्लेट यांची एकच चौकट तयार होते आणि ठिसूळ हाडातही ती सहसा ढिली होत नाही.

प्लेटवर येणारा भार

मनगटातून जाणाऱ्या भारापैकी सुमारे ८० टक्के भार रेडियस आणि २० टक्के भार अल्ना वाहून नेते. हे प्रमाण हाडांच्या लांबीवर अवलंबून असते. रेडियस आखूड होऊन अल्ना तुलनेने अडीच मिलिमीटर लांब झाली, तर अल्नावरील भार ४० टक्क्यांच्या वर जातो, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. अवघ्या अडीच मिलिमीटरच्या फरकाने हा समतोल बिघडत असल्यामुळे हाड नेमक्या जागी बसविणे आणि ते जुळेपर्यंत तेथेच राखणे ही दोन्ही कामे प्लेटला करावी लागतात.

भार मोजण्याचे एकक न्यूटन हे आहे. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो वजनाइतका भार. मनगट नुसते हलविताना सुमारे १०० न्यूटन आणि बोटे मिटताना सुमारे २५० न्यूटन भार येतो, असे गृहीत धरून प्रयोगशाळेत चाचण्या घेतल्या जातात. मूठ आवळताना हा भार पुष्कळ वाढतो. मुठीच्या प्रत्येक १० न्यूटन जोरामागे रेडियसच्या टोकाशी सुमारे २६ न्यूटन भार निर्माण होतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. या हिशोबाने ४०० न्यूटन जोराने मूठ आवळणाऱ्या व्यक्तीच्या मनगटावर हजार न्यूटनांहून अधिक भार येतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे बोटे हलवावीत, पण पाण्याची बादली उचलू नये किंवा ओले कपडे पिळू नयेत, असे डॉक्टर सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

हाडाचे तुकडे एकमेकांना टेकलेले असतील तर भाराचा काही भाग हाडच उचलते. चुरा झालेल्या ठिकाणी मात्र तसा आधार नसतो. प्लेट हाडाच्या एका बाजूला असल्याने ती दाबली जाण्याबरोबरच वाकतेही. हा वाक मोडलेल्या जागेवरील रिकाम्या छिद्राभोवती सर्वाधिक असतो. प्लेट तुटलीच तर बहुधा अशाच ठिकाणी तुटते.

थरांतून घडणारी प्लेट

प्रचलित पद्धतीत टायटॅनियम मिश्रधातूचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घडीव तुकडा कातून प्लेट तयार केली जाते. त्रिमितीय मुद्रणात याउलट रिकाम्या जागेत साहित्याची भर घातली जाते. द्रवरूप राळ प्रकाशाने घट्ट करून थर रचण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेतील चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये एकस्व मिळाले. वितळलेल्या प्लॅस्टिकची तार नळीतून सोडण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. धातूची भुकटी लेसर किरणाने वितळवून घन वस्तू घडविण्याचे तंत्र १९९० च्या दशकात जर्मनीत विकसित झाले.

धातूच्या मुद्रणात ३० ते ६० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक, भुकटीचा थर पसरला जातो. संगणकातील आराखड्यानुसार लेसर किरण हव्या त्या जागीच भुकटी वितळवितो. त्यानंतर दुसरा थर पसरला जातो. टायटॅनियम तप्त अवस्थेत प्राणवायूशी चटकन संयोग पावत असल्याने ही सारी क्रिया आर्गॉन वायूत चालते.

या पद्धतीचा मुख्य लाभ म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या हाडाच्या बाकानुसार प्लेट घडविता येते. मुद्रित वस्तूची मजबुती मात्र केवळ साहित्याच्या नावावरून ठरत नाही. थर कोणत्या दिशेने रचले, लेसरची शक्ती किती ठेवली, भुकटी कितव्यांदा वापरली आणि मुद्रणानंतर कोणती प्रक्रिया केली, यांवर ती अवलंबून असते. एकाच आराखड्यावरून दोन यंत्रांवर काढलेल्या दोन प्लेटा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे आयुष्य सारखे असेलच असे नाही.

दिशा, छिद्रे आणि खडबडीतपणा

लाकडाची फळी शिरांच्या दिशेने सहज दुभंगते, आडवी मात्र तुटत नाही. मुद्रित वस्तूंमध्येही असाच गुण आढळतो. हा फरक प्लॅस्टिकच्या मुद्रणात अधिक तीव्र असतो, कारण प्रत्येक नवा थर आधीच्या काहीशा थंड झालेल्या थराला चिकटतो. दोन थरांमधील हा सांधा मूळ साहित्याहून दुबळा राहतो. त्यामुळे उभी ठेवून मुद्रित केलेली पट्टी वाकविल्यास थरांच्या रेषेवर तुटते आणि आडवी ठेवून मुद्रित केलेली तीच पट्टी पुष्कळ अधिक भार घेते. मनगटाच्या प्लेटवर येणारा वाक लक्षात घेऊन ती यंत्रात कोणत्या स्थितीत ठेवायची, हा निर्णय आराखड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

धातूच्या मुद्रणात थर परस्परांत अधिक चांगले मिसळतात. तथापि, न वितळलेली भुकटी किंवा अडकलेला वायू यांमुळे आत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. धातू अत्यंत वेगाने थंड होत असल्याने आत ताणही साठून राहतो. मुद्रित टायटॅनियम मिश्रधातूचे ताणबल घडीव धातूइतके किंवा त्याहून अधिक भरते, मात्र तो कमी लवचीक होतो. हा साठलेला ताण घालविण्यासाठी प्लेट तापवून सावकाश थंड केली जाते. पोकळ्या मिटविण्यासाठी सुमारे ९२० अंश सेल्सियस तापमान आणि १०० मेगापास्कल वायुदाब यांखाली ती काही तास ठेवली जाते. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट असतो.

शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या घडीव टायटॅनियम मिश्रधातूचे ताणबल किमान ८६० मेगापास्कल असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भुकटी वितळवून तयार केलेल्या त्याच दर्जाच्या मिश्रधातूसाठीही स्वतंत्र मानकात हीच किमान मर्यादा दिलेली आहे. ही मर्यादा गाठणे आता अवघड राहिलेले नाही. प्लेटची खरी परीक्षा वारंवार येणाऱ्या भाराने होते.

धातूचा थकवा

लोखंडी तार एकदा वाकविल्याने तुटत नाही. ती पुन्हा पुन्हा वाकविल्यास मात्र तुटते. धातूचा हा थकवा मनगटाच्या प्लेटलाही लागू आहे. रुग्णाने दिवसाकाठी एक हजार वेळा मनगट हलविले असे मानले, तर सहा आठवड्यांत ४२ हजार वेळा भार येतो आणि जातो. हाड जुळण्यास विलंब लागला तर हा आकडा लाखाच्या घरात जातो.

मुद्रित प्लेटचा पृष्ठभाग अर्धवट वितळलेल्या कणांमुळे खरखरीत असतो. प्रत्येक खाच ही भेगेची सुरुवात ठरू शकते. पृष्ठभागावर प्रक्रिया न केलेले मुद्रित टायटॅनियमचे नमुने वारंवार भाराच्या चाचणीत घडीव व गुळगुळीत नमुन्यांच्या निम्म्याहूनही कमी ताणाला तुटल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. एका झटक्याच्या चाचणीत हेच नमुने उत्तम ठरतात. म्हणूनच 'ही प्लेट टायटॅनियमची आहे' किंवा 'हिचे ताणबल अधिक आहे' एवढ्या विधानावरून तिच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नाही.

गुळगुळीत पृष्ठभागाची आवश्यकता मनगटात आणखी एका कारणाने आहे. तळहाताच्या बाजूच्या प्लेटवरून बोटे मिटविणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या सरकत असतात. प्लेटची कड पुढे आलेली किंवा खरखरीत असेल तर अंगठा वाकविणारी दोरी घासून तुटू शकते. मुद्रणानंतर प्लेट घासून चकचकीत केली जाते आणि स्क्रूच्या छिद्रांतील आटे बहुधा स्वतंत्रपणे कातले जातात. नितंबाच्या सांध्यात हाड आत शिरावे म्हणून मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला मुद्रित पृष्ठभाग उपयोगी पडतो. मनगटाची प्लेट पुढे काढावी लागण्याची शक्यता असल्याने येथे तो अडचणीचा ठरू शकतो.

किती ताठ असावी

प्लेट जितकी ताठ तितकी चांगली, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे नाही. हाडावर भार येत राहिला तर ते बळकट राहते आणि भार न आल्यास क्षीण होते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. प्लेटने सर्व भार स्वतःकडे घेतला तर तिच्याखालील हाड विरळ होऊ शकते. हाडाच्या कठीण कवचाची दृढता साधारणतः १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूची सुमारे ११० आणि स्टेनलेस स्टीलची सुमारे २०० गिगापास्कल आहे. यावरून टायटॅनियम हाडाला तुलनेने जवळचे का मानले जाते, ते स्पष्ट होते.

'पीक' नावाच्या टिकाऊ प्लॅस्टिकची दृढता सुमारे ४ गिगापास्कल आणि मक्यासारख्या पिकांपासून मिळणाऱ्या 'पीएलए' या शरीरात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची सुमारे साडेतीन गिगापास्कल असते. ही दोन्ही साहित्ये त्रिमितीय मुद्रणात वापरली जातात. यांपैकी पीएलए स्वस्त असून सामान्य यंत्रावरही मुद्रित करता येते. त्यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगांत त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो.

येथे जाडीचा हिशोब महत्त्वाचा ठरतो. पट्टीची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २ मिलिमीटरची पट्टी अडीच मिलिमीटर केली तर ती जवळजवळ दुप्पट ताठ होते. टायटॅनियमच्या २ मिलिमीटर जाड प्लेटइतका ताठपणा पीकमध्ये मिळविण्यासाठी मात्र सुमारे ६ मिलिमीटर जाडी लागेल. पीएलएमध्ये ती त्याहूनही अधिक लागेल. मनगटात त्वचा, दोऱ्या आणि हाड यांमध्ये एवढी जागा नसते. कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या पीकच्या तयार प्लेटा २०१० च्या दशकात युरोपमध्ये वापरात आल्या, त्यामागे हेच गणित होते. क्ष-किरण चित्रात त्या हाडाला झाकत नाहीत, हा त्यांचा अधिकचा गुण आहे.

पीएलएची आणखी एक मर्यादा आहे. ते सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडते. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरली जाणारी वाफ १२१ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाची असते. या वाफेत पीएलएची प्लेट वेडीवाकडी होईल. त्यासाठी कमी तापमानाच्या वायूची पद्धत वापरावी लागते आणि त्या प्रक्रियेनंतर प्लेटची मजबुती पुन्हा तपासावी लागते.

चाचण्या कशा होतात

पहिली पायरी संगणकावरील विश्लेषणाची असते. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून हाडाची प्रतिकृती तयार करून ती हजारो लहान घटकांत विभागली जाते. भार दिल्यावर कोठे किती ताण येतो, ते त्यातून समजते. या विश्लेषणात साहित्य सर्व दिशांना एकसारखे आहे असे मानल्यास मुद्रित प्लेटबाबत चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे प्रत्यक्ष चाचणी अनिवार्य ठरते.

प्रत्यक्ष चाचणीत प्लेट खालून दोन आधारांवर ठेवली जाते आणि वरून दोन बिंदूंवर दाब देऊन ती वाकविली जाते. हाडाच्या धातूच्या प्लेटांसाठी ही चार बिंदूंची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. त्यानंतर वारंवार भाराची चाचणी होते. तीत प्रयोगशाळा बहुधा दहा लाख फेऱ्यांपर्यंत जातात. स्क्रूंसाठी पिळण्याची आणि उपसून काढण्याची चाचणी वेगळी असते. अखेरीस कृत्रिम किंवा देहदानातून मिळालेल्या हाडात मुद्दाम फट ठेवून, त्यावर प्लेट बसवून संपूर्ण रचनेची परीक्षा घेतली जाते. या टप्प्यावर अनेकदा प्लेट न तुटता स्क्रू हाडातून निसटतात. विशेषतः वृद्धांच्या विरळ हाडात हा धोका अधिक असतो.

भारतातील स्थिती

भारतात या क्षेत्रात वैद्यक आणि अभियांत्रिकी यांची सांगड घालणारी केंद्रे उभी राहिली आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१४ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी 'बेटिक' हे केंद्र सुरू झाले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जबलपूरपासून जवळ असलेल्या नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या उपक्रमाशी जोडल्या गेल्या. जबलपूरच्या संस्थेतील संशोधकांनी संगणकनियंत्रित कातयंत्राला प्लॅस्टिकचे दाणे वितळविणारी जोडणी बसवून मुद्रण करण्याच्या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. तारेच्या रूपात उपलब्ध नसलेले साहित्यही अशा पद्धतीने वापरता येते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या तंत्राविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

अस्थिरोपणे २००५ मध्ये औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग केलेले आहेत. एखाद्या विशिष्ट रुग्णासाठी, तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून आणि त्यांच्या जबाबदारीवर तयार केलेल्या उपकरणाची व्याख्याही या नियमांत आहे. अशा प्लेटा घाऊक प्रमाणात तयार करून विकणे त्या व्याख्येत बसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुद्रित उपकरणांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भुकटीचा पुनर्वापर, वस्तूची यंत्रातील स्थिती आणि मुद्रणानंतरची स्वच्छता यांच्या नोंदी ठेवण्यावर त्यांत भर आहे.

रुग्णांच्या दृष्टीने

मनगटाच्या बहुतेक ताज्या अस्थिभंगांत तयार मापाच्या प्लेटा पुरेशा ठरतात. स्कॅन, आराखडा, मुद्रण, प्रक्रिया आणि तपासणी यांस काही दिवस लागतात, तर हाड बसविण्याची शस्त्रक्रिया साधारणतः पहिल्या दोन आठवड्यांत करणे श्रेयस्कर असते. त्रिमितीय मुद्रणाचा खरा उपयोग हाड वाकडे जुळलेल्या रुग्णांत होतो. अशा वेळी घाई नसते. निरोगी हाताच्या स्कॅनची आरशातील प्रतिमा घेऊन दोन्ही मनगटे ताडून पाहिली जातात. हाड कोठे कापायचे आणि किती अंशांनी वळवायचे ते ठरविले जाते. त्यानुसार करवतीला दिशा देणारा साचा मुद्रित केला जातो आणि आवश्यक तेथे प्लेटही मुद्रित केली जाते. साच्याला शरीरात राहायचे नसल्याने त्याच्या मजबुतीच्या अटी सौम्य असतात. म्हणूनच असे साचे आणि शस्त्रक्रियेपूर्वी हाताळायच्या हाडांच्या प्रतिकृती यांचा प्रसार मुद्रित प्लेटांपेक्षा अधिक वेगाने झाला.

मुद्रण यंत्रे स्वस्त होत असल्याने कमी खर्चात प्लेट तयार करणे आता अनेक संस्थांच्या आवाक्यात आले आहे. तिच्या चाचण्यांचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरलेला नाही. चाचणी टाळून वापरलेली प्लेट हाड जुळण्याआधी तुटली, तर रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते आणि हाड वाकडे जुळण्याचा धोका पत्करावा लागतो. शिवणकाम, शेती, बांधकाम किंवा यंत्रावरील काम करणाऱ्या व्यक्तीच्या उपजीविकेचा प्रश्न त्यातून उभा राहतो.

रुग्णाला मुद्रित प्लेट बसविण्याचा सल्ला मिळाल्यास साहित्य कोणते आहे, मुद्रणानंतर कोणत्या प्रक्रिया झाल्या आहेत, वाकण्याच्या आणि वारंवार भाराच्या चाचण्यांचा अहवाल उपलब्ध आहे काय आणि निर्मात्याकडे परवाना आहे काय, याची माहिती डॉक्टरांकडून घेता येते. प्लेटचा तपशील रुग्णालयाच्या कागदपत्रांत नोंदवून घेणेही उपयुक्त ठरते. पुढे ती काढण्याची वेळ आल्यास शल्यचिकित्सकाला त्या नोंदीचा उपयोग होतो.